देवराईच्या वाटेवर निघण्यापूर्वी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित केलेल्या वनयात्रेच्या आदल्या रविवारी मंदिराच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा हा लिखित गोषवारा.)

सुवर्णमहोत्सव म्हटला की मिरवणूक, विधान, सत्कार आणि महाप्रसाद हे ओघाने येतेच. आपल्या ट्रस्टने त्यासोबत एक वेगळा संकल्प केला. समाजातील लहानथोरांनी एक दिवस सह्याद्रीतील जुन्या अरण्यात पायी जाऊन यावे, असे विश्वस्त मंडळाने ठरवले आणि वाट दाखवण्याचे काम माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडे सोपवले. त्याबद्दल मी ट्रस्टचा ऋणी आहे. येत्या रविवारी आपण आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराईत जाणार आहोत. चातुर्मास संपला आहे, कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली आहे, पाऊलवाटा वाळल्या आहेत. प्रवासाला काळ अनुकूल आहे. मात्र निघण्यापूर्वी आपण कोठे जात आहोत, तेथे काय पाहायचे आहे आणि ते पाहून परत आल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याचा थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

प्रथम एक साधा प्रश्न. पणदरेसारख्या गावातील माणसाचा सह्याद्रीतील जंगलाशी संबंध काय? आपला मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. असे असूनही गावाच्या चहूबाजूंनी ऊस डोलतो, माळेगाव आणि सोमेश्वरचे कारखाने चालतात, मुलांची शिक्षणे होतात, मंदिरे उभी राहतात. या सर्वांच्या मुळाशी नीरेचे पाणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा आला आणि या भागाचे भाग्य पालटले. ते पाणी आपल्या आकाशातून पडत नाही. भोर तालुक्यातील घाटमाथ्यावर, डोंगराच्या कुशीत जो पाऊस कोसळतो, तो भाटघर आणि वीरच्या जलाशयांतून आपल्या दारी येतो. आपण ज्या आहुप्याला जाणार आहोत तेथे घोड नदीचा उगम आहे. ही घोड पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत पसरते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर येथे, नीरा आणि भीमा यांचा संगम होतो. म्हणजे दोन वेगवेगळ्या डोंगरांतील पाणी अखेर आपल्याच मुलखात एकत्र येते. रविवारी आपण आपल्या पाण्याच्या माहेरी निघालो आहोत, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

आता देवराई म्हणजे काय ते पाहू. गावाने देवाच्या नावाने राखून ठेवलेले रान म्हणजे देवराई. कोठे तिला देवरहाट म्हणतात, कोठे देवबन. बहुधा तेथे मोठे देऊळ नसते. एखादा शेंदूर लावलेला तांदळा, एखादी वाघजाई, काळकाई, भैरोबा. आहुप्याची देवराई भैरवनाथाची आहे. या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हिरवी फांदी तोडायची नाही, कित्येक ठिकाणी तर आपोआप पडलेले वाळके लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक असतो. अडीअडचणीला लाकूड लागलेच तर देवाचा कौल घेऊन, सर्व गावाच्या साक्षीने घ्यायचे. हे नियम कोणी छापले नाहीत, कोणी त्यांवर सही केली नाही. पिढ्यान् पिढ्या ते पाळले गेले, म्हणून आसपासचे डोंगर उघडेबोडके झाले तरी हे हिरवे ठिपके टिकून राहिले.

इंग्रजी अमदानीत भारताचे पहिले वनमहानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस यांनी अशा पवित्र वनांची दखल घेतली होती. आपल्या महाराष्ट्रात त्यांचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात सुरू झाला तो पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांच्या पायपिटीमुळे. हे दोघे गावोगाव हिंडले, राया मोजल्या, त्यांतील वृक्षवेलींच्या याद्या केल्या. ज्याला आजवर अडाण्यांची श्रद्धा म्हणून बाजूला सारले जात होते, तो प्रत्यक्षात जमीन, पाणी आणि जीवसृष्टी राखण्याचा एक मुरलेला लोकव्यवहार आहे, हे त्यांनी विद्वानांच्या सभेत मांडले.

त्यांच्याच काळातील एक हकीकत येथे आवर्जून सांगावीशी वाटते. श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे एक गाव आहे. तेथील देवराई तोडण्याचे वनखात्याने ठरवले होते. गावकऱ्यांना कळेना की दाद कोठे मागावी. पुण्याचे दोन शास्त्रज्ञ देवरायांविषयी आस्था बाळगतात, एवढे त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी पत्र लिहिले की आमची राई वाचवा. गाडगीळ आणि वर्तक तेथे गेले. पाहतात तो आजूबाजूचे डोंगर उजाड झालेले, आणि गावाला पाणी पुरवणाऱ्या ओढ्याच्या उगमापाशी तेवढी एक राई उभी. गावकऱ्यांचे म्हणणे सरळ होते. राई गेली की ओढा आटेल आणि ओढा आटला की गाव उठेल. शास्त्रज्ञांनी वनखात्याशी बोलणे केले आणि राई वाचली. बंधूंनो, या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की देवाचे रान राखण्यामागे पाण्याचे रोकडे भान होते. दुसरी ही की एका साध्या पत्रामुळे आणि दोन माणसांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यामुळे एक अरण्य उभे राहिले. जाऊन पाहणे, हीच रक्षणाची पहिली पायरी असते. रविवारच्या यात्रेचा अर्थही मला तोच वाटतो.

आपल्यापैकी अनेकांनी जंगल पाहिले असेल ते बसच्या खिडकीतून, नाही तर सागाची लागवड पाहून. परिपक्व अरण्य ही वेगळीच चीज आहे. तेथे झाडे एका उंचीची, एका वयाची नसतात. सर्वांत वर आंबा, जांभूळ, बेहडा यांचे छत्र. त्याखाली मध्यम उंचीची झाडे, अंजनीसारखी दाट पानांची. त्याखाली झुडपे, मग रोपे आणि तळाशी पालापाचोळ्याची जाड गादी. या साऱ्यांना बांधून घेणाऱ्या मांडीएवढ्या जाडीच्या वेली. गारंबीचा वेल आणि तिची हातभर लांबीची शेंग मुलांनी अवश्य पाहावी. पाचोळ्यावर पाय पडला की तो रुततो. तो हाताने किंचित बाजूला केला तर खाली काळी, ओलसर, भुसभुशीत माती दिसेल. घाटमाथ्यावरचा पाऊस आधी पानांवर, मग फांद्यांवर, मग या गादीवर पडतो आणि सावकाश जमिनीत मुरतो. उघड्या डोंगरावर तोच पाऊस माती घेऊन धावत सुटतो आणि धरणात जाऊन गाळ होतो. आपल्या कालव्याचे आवर्तन किती दिवस चालावे, याचा एक निर्णय पाटबंधारे खात्याच्या कचेरीत होतो, तसाच दुसरा एक निर्णय या पाचोळ्यात होत असतो.

वर पाहिले तर कदाचित शेकरू दिसेल. ही मोठी, तांबूस खार आपल्या राज्याचा मानचिन्ह प्राणी आहे आणि १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य तिच्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर असा तिचा सारा संसार असतो. म्हणूनच कोणी म्हणाले, "शंभरातील दहाच झाडे काढतो, नव्वद ठेवतो," तर ते शेकरूच्या हिशेबात बसत नाही. दहा झाडे गेली की छत्राला भोके पडतात आणि तिची वाट तुटते. कोकणातील जुन्या राया आणि जंगलांत मोठा धनेश पक्षी राहतो. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते, केवळ चोच जाईल एवढी फट ठेवते आणि पिल्ले सांभाळीत तेथेच राहते. नर बाहेरून फळे आणून भरवतो. अशी ढोली तरुण झाडाला नसते. म्हाताऱ्या, पोकळ झाडालाच असते, ज्याला लाकडाचा व्यापारी निरुपयोगी म्हणतो.

येथे एका प्रचलित समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. "एक झाड तोडले तर दहा रोपे लावू" असे आपण सर्रास ऐकतो. वृक्षारोपण हे पुण्यकर्मच आहे. पण दहा रोपे मिळून एक ढोली होत नाही, आणि दहा खड्डे मिळून शे-दोनशे वर्षांचा पाचोळा होत नाही. शिवाय प्रत्येक भूमीचा स्वभाव निराळा असतो. आपल्याच तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये घोषित झालेले, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. तेथे दाट झाडी नाही, माळ आणि गवत आहे आणि त्या गवतातच चिंकारा सुखाने राहतो. तेथे अरण्य उभे करण्याचा हट्ट धरणे म्हणजे चिंकाऱ्याचे घर मोडणे होय. माळ माळासारखा राखावा, अरण्य अरण्यासारखे राखावे. जे हजारो वर्षांच्या मशागतीने निसर्गाने उभे केले, ते नव्याने निर्माण करण्यापेक्षा आहे ते राखणे अधिक शहाणपणाचे आहे.

मग ही अरण्ये तुटतात कशी? कोणी दुष्टाव्याने तोडतो असे क्वचितच घडते. तोड होते ती गरजेपोटी आणि हिशेबाने. पानशेत धरणाच्या काळातील हकीकत डॉ. गाडगीळ यांनी लिहून ठेवली आहे. धरणासाठी डोंगरात रस्ता झाला. खोऱ्यातील सुपीक जमीन पाण्याखाली गेलेला शेतकरी डोंगर चढून वर गेला, हातात पैसा नाही, पोटाला अन्न नाही. त्याच रस्त्याने कोळशाचे व्यापारी आले. त्यांनी त्या शेतकऱ्यांची झाडे कवडीमोलाने घेतली, भट्ट्या लावल्या आणि शहराला कोळसा पुरवला. ज्या डोंगरांनी धरणात पाणी भरायचे, तेच उघडे पडले. यात दोष कोणाचा? झाड विकणाऱ्याचा म्हणावे तर त्याची चूल थंड होती. विकत घेणाऱ्याचा म्हणावे तर शहरातील चुली पेटत्या ठेवणारी मागणी आपलीच होती.

कोकणात आजही पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे आहे. मालक मुंबईला, वाटणीदार अनेक, जमिनीचे उत्पन्न शून्य. लाकडाचा ठेकेदार येतो, उभे जंगल ठोक भावाने मागतो आणि मालकाला वाटते की बसल्या जागी चार पैसे मिळाले. सिंधुदुर्गातील सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत वाघाच्या येण्याजाण्याचे जंगल रबराच्या लागवडीसाठी तुटू लागले, तेव्हा पर्यावरणप्रेमी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने २०१३ मध्ये दोडामार्गातील वृक्षतोडीवर बंदी घातली. तरीही चोरटी तोड चालूच राहिली आणि २०२४ मध्ये या पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करण्याबाबत न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, राजस्थानातील 'ओरण' म्हणजे तेथील देवरायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा पवित्र वनांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्याचे निर्देश दिले. कायदा हळूहळू देवराईपर्यंत पोहोचतो आहे. पण न्यायालयाचा कागद आणि जंगलातील कुऱ्हाड यांच्यामध्ये जे अंतर असते, ते समाजालाच भरून काढावे लागते.

तोडीचे आणखी एक कारण आहे आणि ते धर्मस्थानाच्या सभागृहात सांगताना मला थोडा संकोच वाटतो. गेल्या काही दशकांत कित्येक देवराया देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तुटल्या. गावातील मंडळी शहरात गेली, चार पैसे मिळवू लागली, त्यांना आपल्या देवाचे मोकळे ठाणे उणे वाटू लागले. सिमेंटचे मंदिर बांधायचे ठरले, निधी कमी पडला, मग देवाचीच झाडे विकून देवाचे देऊळ पूर्ण केले. जो देव शतकानुशतके झाडांच्या सावलीत राहिला, तो फरशीवर आणि पत्र्याखाली आला. त्या गावकऱ्यांचा भक्तिभाव खरा होता, याविषयी मला शंका नाही. परंतु राईत देव आहे हे विसरून, देव फक्त गाभाऱ्यात आहे, असे एकदा मानले की कुऱ्हाडीला मुभा मिळते.

हे ऐकून आपण म्हणाल, हा प्रश्न त्या गावांचा, आपला नाही. येथे आपल्या परंपरेकडे वळू या. श्रावकाने कोणते व्यवसाय करू नयेत, याची जी १५ कर्मादानांची यादी आपल्या शास्त्रांत आहे, तिच्यात पहिले आहे अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणे आणि भट्ट्या लावणे. दुसरे आहे वनकर्म, म्हणजे जंगल तोडून त्यावर उपजीविका करणे. कित्येक शतकांपूर्वी, जंगले अफाट असताना आणि माणसे थोडी असताना, आपल्या आचार्यांनी हे दोन धंदे यादीच्या अग्रभागी घातले. पानशेतच्या डोंगरावर जे घडले, त्याचे नाव आपल्याकडे आधीच लिहिलेले होते.

वनस्पती एकेंद्रिय आहे, गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे खरे. शास्त्रानेही गृहस्थाला ती सवलत दिली आहे. पण ती सवलत प्रयोजनापुरती आहे. विनाकारण झाड तोडणे, जमीन खणणे, पाणी सांडणे यांना अनर्थदंड म्हटले आहे. आणि जुन्या झाडाच्या बाबतीत तर प्रश्न एका एकेंद्रिय जीवाचा राहतच नाही. त्याच्या सालीत मुंग्या आहेत, ढोलीत पिल्ले आहेत, फांदीवर घरटी आहेत, मुळांशी गांडुळे आहेत. एक जुना बेहडा कोसळतो तेव्हा किती द्वींद्रिय, त्रींद्रिय, पंचेंद्रिय जीवांचा आधार जातो, याची गणती कोण करील? ज्या भगवान ऋषभदेवांना वटवृक्षाखाली आणि भगवान महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले, त्यांच्या अनुयायांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

षट्लेश्यांचे चित्र आपण सर्वांनी मंदिरांच्या भिंतींवर पाहिले आहे. भुकेले सहा वाटसरू अरण्यात जातात आणि फळांनी लगडलेला वृक्ष पाहतात. कृष्ण लेश्येचा म्हणतो, झाड मुळासकट उपटू. नील लेश्येचा म्हणतो, बुंध्यापासून तोडू. कापोत लेश्येचा मोठ्या फांद्या मागतो, पीत लेश्येचा लहान डहाळ्या. पद्म लेश्येचा केवळ पिकलेली फळे काढू म्हणतो. शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली गळून पडलेली फळे आपल्याला पुरेशी आहेत. लहानपणी आपण ही गोष्ट ऐकली ती परिणामांची शुद्धी समजावून घेण्यासाठी. मी ती आज आणखी एका अर्थाने सांगतो. भूक सहाही जणांना सारखीच होती. सहाव्याला उपाशी राहा असे कोणी सांगितले नाही. त्याने भूक भागवण्याची अशी रीत निवडली की वृक्ष उभा राहिला आणि पुढच्या वाटसरूलाही फळ मिळाले.

ही रीत आज कोणी आचरतो का? आचरतो. पुण्यातील एक संस्था, अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन, १९९४ पासून देवराया आणि खाजगी जंगलांच्या संवर्धनाचे काम करते. संगमेश्वर परिसरात तिने जंगलमालकांशी आणि गावांशी करार केले. जंगल तोडायचे नाही, त्याबदल्यात ठरावीक मोबदला घ्यायचा, असा तो व्यवहार. याच संस्थेने सह्याद्रीतील हिरडा आणि बेहडा यांची फळे झाडाला इजा न करता गोळा करण्याची शिस्त बसवली आणि त्या फळांना चांगला भाव देणारा ग्राहक मिळवून दिला. बेहड्याचे फळ पिकून खाली पडते, ते वेचायचे असते. म्हणजे जे झाड पूर्वी लाकडासाठी एकदाच विकले जाई, ते आता उभे राहून दरवर्षी उत्पन्न देते आणि त्याच्या ढोलीत धनेशाचा संसारही चालतो. शुक्ल लेश्येचा व्यापार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार? आपला समाज व्यापारी समाज आहे. अरण्य वाचवायला उपदेशकांइतकीच सचोटीच्या व्यापाऱ्यांची गरज आहे, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्या गावाने ते जंगल स्वतःच्या सभेतून सांभाळले. ज्यांचे पोट जंगलावर आहे त्यांच्या हाती निर्णय आला की ते जंगलाचे वैरी होत नाहीत, राखणदार होतात. म्हणून रविवारी आहुप्यात आपल्याला भेटणारे महादेव कोळी बांधव हे आपले यजमान आहेत, याची आठवण असू द्यावी. कालव्याच्या पाण्यावर सुखी झालेल्या आपण, डोंगरावरच्या माणसाला "झाडे तोडू नका" एवढेच सांगून परत यावे, हे शोभणारे नाही. तो राखतो म्हणून आपल्याला मिळते. त्या राखण्यात आपला वाटा किती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

येथे मी विश्वस्त मंडळासमोर नम्रपणे तीन गोष्टी ठेवतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात सभागृहाचे लाकूडकाम करण्याचा मानस आहे, असे समजले. काम अवश्य व्हावे. पण लाकूड घेताना ते कोठून आले, त्याला वाहतूक परवाना आहे का, हे वखारीत विचारावे. स्वस्त मिळते म्हणून विनापावतीचे जंगली लाकूड घेऊ नये. दुसरी गोष्ट, जुन्या वाड्यांचे उतरवलेले सागवान आपल्या भागात मिळते. तासून घेतले की ते नव्याहून सरस ठरते. प्रथम त्याचा विचार व्हावा. तिसरी गोष्ट, बांधकामाच्या निधीतील एक छोटा हिस्सा दरवर्षी एखाद्या देवराईच्या राखणीसाठी, तेथील गावाच्या सल्ल्याने आणि गावाच्याच हातून, खर्च व्हावा. अन्यत्र राई विकून देऊळ झाले. आपल्याकडे देवळाच्या निधीतून राई राखली गेली, असे पुढच्या पिढीला सांगता आले तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल. निर्णय अर्थातच मंडळाचा आहे.

आता यात्रेविषयी काही सूचना. आपण पहाटे ४ वाजता निघू. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण असा मार्ग आहे. अरण्यात चालताना बोलणे कमी ठेवावे. चालण्याची रीत आपल्याला शिकवण्याची गरज नाही, कारण ईर्यासमिती आपल्या मुनिजनांनी आपल्यापुढे रोज आचरून दाखवली आहे. पुढची चार हात जमीन पाहत, पाऊलवाट न सोडता चालावे. ओलसर दगडांवरचे शेवाळ, रोपे, मुंग्यांच्या रांगा यांना ओलांडून जावे. मंदिरात शिरताना आपण 'निःसही' म्हणतो आणि संसाराचा व्यवहार उंबऱ्याबाहेर ठेवतो. देवराईच्या सीमेवर गावकरीही पादत्राणे काढतात. स्थानिक वाटाड्या सांगेल तेथे आपणही तसेच करावे. भैरवनाथाचे स्थान त्या गावाचे श्रद्धास्थान आहे, त्याचा मान राखावा. फूल, शेंग, पीस, दगड, काहीही पिशवीत घालू नये. प्लास्टिकची पिशवी, वेष्टन, बाटली जे आपण नेऊ ते परत आणू. वाटाड्याची बिदागी ठरलेली आहे, ती घासाघीस न करता द्यावी. परतीचे भोजन सूर्यास्तापूर्वी घोडेगावात होईल, त्यामुळे दुपारी ३ नंतर कोणीही अरण्यात मागे रेंगाळू नये. ज्येष्ठांसाठी राईच्या अलीकडे बसण्याची सोय आहे. पूर्ण चालणे झाले नाही तरी छायेत तासभर शांत बसणे हीसुद्धा यात्राच आहे.

शेवटी मुलांसाठी एक काम देतो. प्रत्येकाने राईतील एकच झाड निवडावे आणि त्याच्यापाशी थोडा वेळ उभे राहावे. त्यावर आणि त्याच्या आधाराने किती प्रकारचे जीव राहतात, हे पाहून वहीत लिहावे. नावे आली नाहीत तरी चालतील, कोळी, किडा, पक्षी, वेल एवढे लिहिले तरी पुरे. परत आल्यावर या याद्या आपण पाठशाळेच्या वर्गात लावू. जीवविचार आपण पुस्तकातून शिकतो, तो एकदा झाडापाशी उभे राहून शिकावा. त्या यादीची लांबी पाहिली म्हणजे एका झाडाची किंमत घनफुटात का होत नाही, हे त्यांना कोणी वेगळे सांगण्याची गरज पडणार नाही.

वनखात्याची आवश्यक ती परवानगी घेतली आहे. नावनोंदणी महिला मंडळाकडे शुक्रवारपर्यंत करावी.